बागेतले मारवेल

बाग म्हटली की आपल्याला विलायती हिरवळ हवी. ती उन्हाळाभर पाणी मागते. आणि दुष्काळात माण, जत, आटपाडीला माणसांसाठी टँकर फिरतात. २०१६ साली ज्या मिरजेहून तहानलेल्या लातूरला रेल्वेने पाणी गेले, त्या मुलखाला ही चैन शोभते काय?

आपल्या माळावरचे मारवेल पाहा. पावसाळ्याच्या तोंडावर ठोंब लावावेत. उन्हाळ्यात पाती वाळतात, मुळे तग धरतात. पावसाबरोबर पुन्हा फुटवे येतात. कापलेले गवत वैरणीला जाते.

कोणी म्हणेल, चैत्रात ते पिवळे दिसेल. दिसू द्या! कासचे पठारही उन्हाळ्यात करपते. म्हणून त्याला कोणी कुरूप म्हणत नाही. ऋतूप्रमाणे रंग पालटणे ही इथल्या मातीची रीतच आहे. महाविद्यालयाच्या आवारातला एक कोपरा तरी मारवेलाला द्यावा.