पिल्लाला कच्चे मांस द्यावे का?



शुक्रवारी सकाळी चिकनच्या दुकानासमोर उभे राहिले की एक वाक्य हमखास कानावर पडते : "चाचा, मांजरीसाठी थोडे वेगळे बांधून द्या." आपल्या मोहल्ल्यांत मांजर नाही असे घर शोधावे लागेल. मुले गल्लीतून पिल्लू उचलून आणतात, अम्मी दोन दिवस रागावते आणि तिसऱ्या दिवशी तीच त्याच्यासाठी वाटी काढून ठेवते. अलीकडे मात्र नवा प्रश्न येऊ लागला आहे. मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ पाहून मुले विचारतात, "टीचर, मांजर तर वाघाच्या जातीचे. मग त्याला कच्चेच मांस द्यायला पाहिजे ना?"

प्रश्न चांगला आहे आणि त्यातला अर्धा भाग खराही आहे. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा पोळी-भातावर कसाबसा जगतो, मांजर तसे जगू शकत नाही. त्याच्या शरीराला टॉरीन नावाचा एक घटक लागतो आणि तो त्याला मांसातूनच मिळतो. टॉरीन कमी पडले तर मांजराची नजर जाते आणि हृदय कमकुवत होते. हृदयाच्या या आजाराचे कारण १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सिद्ध केले आणि त्यानंतर तयार कॅटफूडमध्ये टॉरीनचे प्रमाण वाढवण्यात आले. म्हणजे दूध-पोळीवर वाढवलेले पिल्लू पोट भरलेले दिसले तरी आतून उपाशीच असते. शिवाय मोठे होताना अनेक मांजरांना दूध पचत नाही, जुलाब लागतात.

पण "मांस पाहिजे" आणि "कच्चे पाहिजे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्यांनी तरी हा फरक विसरता कामा नये. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापुरात सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि पोल्ट्रीवर जगणारी कितीतरी घरे बसली. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरवर तीच वेळ पुन्हा आली. तेव्हा आपण माणसांची आणि कोंबड्यांची काळजी केली, मांजराचा विचार कोणी केला नाही. मांजराच्या कुळाला हा विषाणू फार घातक आहे. २००४ साली थायलंडमधल्या एका व्याघ्र उद्यानात कच्च्या कोंबड्या खाऊ घातलेले कित्येक वाघ बर्ड फ्लूने दगावले. आपल्याच राज्यात, नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात, २०२४ च्या डिसेंबरअखेर तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने मेले. पाठोपाठ २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये हा विषाणू सापडला. अमेरिकेत तर पाकीटबंद, गोठवलेले कच्चे खाद्य खाऊन एक घरगुती मांजर मेले.

याचा अर्थ चिकन वाईट असा घेऊ नका. नीट शिजवलेल्या चिकनमध्ये हा विषाणू टिकत नाही, ७० अंश सेल्सियसला तो मरतो. आपले ताट सुरक्षित आहे आणि पोल्ट्रीवाल्या भावांचा धंदा बसावा असे काही कोणी बोलू नये. फक्त जे आपण स्वतः शिजवल्याशिवाय खात नाही, ते मांजराच्या वाटीत कच्चे टाकू नका. फ्रीजरमध्ये ठेवले की झाले, असेही नाही. थंडीने काही परजीवी मरतात, पण हा विषाणू आणि साल्मोनेलासारखे जंतू टिकून राहतात. तेच पिल्लू मग तान्ह्या बाळाचे तोंड चाटते, आजीच्या गोधडीत झोपते. आणि अंगणात कोंबडी अचानक मेली तर ती मांजरापुढे टाकू नका. एकापेक्षा जास्त मेल्या तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.

आता "संतुलित" या शब्दाकडे येऊ, कारण खरी चूक तिथे होते. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी पिल्लाला रोज निव्वळ बोनलेस चिकन मिळत असे. प्रेमात काही कमी नव्हते. तीन महिन्यांत पिल्लू लंगडू लागले आणि ओट्यावरून उडी मारताना त्याचा पाय मोडला. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले की हाडात कॅल्शियमच नाही. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच असते. वाढत्या पिल्लाला दोन्ही जवळपास सारखे लागतात. अन्नातून मिळाले नाही की शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेते. जंगलातले मांजर अख्खा उंदीर हाडांसकट खाते, म्हणून त्याचा हिशेब जुळतो. आपण त्याला फक्त बोनलेस देतो.

घरी करायचे असेल तर साधारण असे प्रमाण धरा. एक किलो मांसात ८०० ग्रॅम बोनलेस (छातीपेक्षा तंगडीचे बरे), १५० ग्रॅम दिल आणि पोटा, आणि फक्त ५० ग्रॅम कलेजी. दिलात टॉरीन चांगले असते. कलेजीतून अ जीवनसत्त्व मिळते, पण ती रोज वाटीभर दिली तर तेच जीवनसत्त्व अति होऊन मणका आणि सांधे आखडतात. कुर्बानीच्या दिवसांत हे विशेष लक्षात ठेवा. हे सगळे थोड्या पाण्यात शिजवा आणि ते पाणी फेकू नका, टॉरीन त्यात उतरते. गार झाल्यावर अंड्याच्या उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारख्या बारीक केलेल्या टरफलाची एक चहाचा चमचा पूड मिसळा. मीठ, हळद, मिरची काही नको. कांदा-लसूण तर मुळीच नको, त्याने मांजराचे रक्त बिघडते. आपले नंदुरबार मिरचीचे गाव, पण उरलेला रस्सा मांजराचे अन्न नाही. शिजवलेले हाड कधीच देऊ नका, ते टोकदार फुटून आतडे फाडते.

एवढे करूनही हे जेवण पूर्ण होत नाही. आयोडीन, ई जीवनसत्त्व आणि इतर बारीक घटक राहून जातात. म्हणून पहिल्या वर्षी दिवसाचे निम्मे खाणे पिल्लांसाठीचे तयार खाद्य ठेवा, किंवा डॉक्टरांना विचारून टॉरीन असलेली जीवनसत्त्वांची पावडर मिसळा. पाकिटातल्या मांसाविषयी शंका असेल तर घटकांची यादी वाचा. डुकराचे काही नसलेले, मासे किंवा चिकनचे प्रकार मिळतात. तरी मनात प्रश्न राहिला तर आपल्या आलिमांना विचारावे.

अन्न एकदम बदलू नका. पिल्लू आठ आठवड्यांचे झाले, आईचे दूध सुटले, की सुरुवात करा. पहिले तीन दिवस पाव भाग नवे आणि बाकी जुने, पुढचे तीन दिवस निम्मे-निम्मे, मग तीन दिवस पाऊण भाग नवे आणि दहाव्या दिवशी ठरवलेले पूर्ण. पोट बिघडले तर एक पायरी मागे या. अन्न कोमट असावे, थंड अन्नाला वास येत नाही म्हणून पिल्लू तोंड फिरवते. "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी ठेवू नका, लहान पिल्लू दिवसभर न खाल्ल्याने गळून जाते. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्या आणि उरलेले अर्ध्या तासात उचला. दर जुम्म्याला मुलांकडून पिल्लाचे वजन करून वहीत लिहून घ्या. आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढ चांगली. दोन आठवडे वजन तेवढेच राहिले तर दवाखाना गाठा.

घरात कोणी गरोदर असेल तर रेतीचा ट्रे दुसऱ्याने साफ करावा, आणि रोज करावा. मांजराच्या विष्ठेतला टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाधक व्हायला निदान एक दिवस लागतो. कच्चे मांस खाणाऱ्या आणि उंदीर मारणाऱ्या मांजरात तो असण्याची शक्यता जास्त.

ह. अबू हुरैरा (रजि.) यांचे हे नावच मांजराच्या पिल्लावरून पडले हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. ह. अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरापुढे कलते केले होते, तेही सांगतो. त्याबरोबर बुखारी आणि मुस्लिममधली ती दुसरी हदीसही सांगायला हवी. एका स्त्रीने मांजर बांधून ठेवले, त्याला खायलाही दिले नाही आणि स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही. त्यापायी ती शिक्षेला पात्र ठरली. आज आपण पिल्लू घरात ठेवतो, दार लावतो आणि त्याची वाटी आपल्या हातात असते. त्या वाटीत काय पडते याचा जाब आपल्याकडेच आहे. पिल्लू ही अमानत आहे, हे मुलाला दहा व्याख्यानांपेक्षा रोज सकाळी चिमूटभर टरफलाची पूड मोजताना जास्त कळेल.

अल्लाह आपल्याला त्याच्या मुक्या मखलूकशी रहमतीने वागण्याची तौफिक देवो. आमीन.