सुपात की जात्यात?

लंडनच्या ऑफिसात नोकरी करताय आणि सकाळी सकाळी एचआरचा मेल आला, ‘युअर रोल इज ॲट रिस्क’, तर पोटात गोळा येणारच. गेली नोकरी! पण थांबा दोस्तहो, लगेच डेस्क आवरायला घेऊ नका.

ब्रिटनमध्ये ‘ॲट रिस्क’ ही कर्मचारीकपातीतली एक पायरी आहे. पोस्ट रद्द होऊ शकते, अजून झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. एकाच ठिकाणच्या २० किंवा जास्त जणांना ९० दिवसांत कमी करायचं असेल, तर तिथल्या कायद्याप्रमाणे कंपनीला आधी कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी चर्चा करावी लागते. पहिली नोकरी जाण्याआधी किमान ३० दिवस. १०० किंवा जास्त जण असतील तर ४५. थोडक्यात, तुम्ही अजून सुपात आहात, जात्यात नाही!

आता याच खानदानातले बाकीचे मेंबर बघू.

इन डेंजर : संकट अगदी दाराशी. गंमत म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ होता मालकाची सत्ता. थोडक्यात, बॉसची तावडी!

इन जेपर्डी : सुटाबुटातला शब्द. डील, करार, प्रोजेक्ट यांना शोभतो. मूळ अर्थ, कुठेही झुकू शकेल असा बरोबरीतला डाव. ‘माझा डबा इन जेपर्डी आहे’ म्हणालात तर कँटीन हसेल.

ॲट स्टेक : सगळ्यात जास्त गल्लत इथेच. स्टेक म्हणजे पण. पांडवांनी द्यूतात राज्य लावलं, ते ॲट स्टेक. क्लायंट सटकायची भीती असेल तर अकाउंट ‘ॲट रिस्क’; उद्याच्या प्रेझेंटेशनवर बढती ठरणार असेल तर प्रमोशन ‘ॲट स्टेक’.

ऑन थिन आइस : स्वतःच्या वागण्याने ओढवून घेतलेलं. रोज अकराला उगवणारा बहाद्दर ऑन थिन आइस असतो. म्हणून एचआरला उत्तर लिहिताना हा शब्द चुकूनही नको. पोस्ट कंपनी कमी करतेय, त्यात तुमचा काय दोष?

आणि हो, मध्ये ‘द’ घुसला की मामला बदलतो. ‘ॲट द रिस्क ऑफ साउंडिंग रूड’ म्हणजे ‘आगाऊ वाटेल, पण बोलतोच’.

तेव्हा असा मेल आलाच, तर शांतपणे तीन प्रश्न विचारा : निवड कुठल्या निकषांवर? चर्चा किती दिवस? कंपनीत दुसरी जागा आहे का? सुपात असतानाच विचारायचं. जात्यात गेल्यावर कोण ऐकतंय!