उत्तराला जागा देणारा मुलाखतकार

ऑगस्ट २०२३ मध्ये निधन पावलेले ब्रिटिश टीव्ही मुलाखतकार मायकेल पार्किन्सन यांच्या यशाचे श्रेय अनेकदा त्यांच्याकडे आलेल्या नामवंत पाहुण्यांना दिले जाते. मला ते पटत नाही. नामवंत तर सगळीकडेच जातात. यॉर्कशरमधल्या खाणकामगाराचा हा मुलगा आधी वृत्तपत्रात बातमीदार होता. कसून तयारी करायची आणि पाहुणा बोलू लागला की ठरवलेले प्रश्न बाजूला ठेवायचे, ही त्यांची खरी ताकद. १९७१ पासून बीबीसीवर त्यांनी मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांच्या अनेक मुलाखती घेतल्या. १९७४ मध्ये एका पुस्तकातल्या मजकुराचा विषय काढताच अली भडकले. पार्किन्सन यांनी प्रतिवाद केला, पण तो राग दाबला नाही. म्हणूनच विनोदी, बोलघेवड्या अलींच्या आत वर्णद्वेषाची जखम किती खोल होती, ते प्रेक्षकांना दिसले.

अशी मुलाखत मवाळ असते, सत्ताधाऱ्यांना उलटतपासणीच हवी, हा आक्षेप रास्त आहे. पण उलटतपासणीही ऐकण्यावरच उभी असते. समोरच्याचे वाक्य नीट ऐकले नाही, तर त्यातली पळवाट पकडणार कशी? पार्किन्सन स्वतः जिथे चुकले, तिथेही हेच दिसते. १९७५ मध्ये अभिनेत्री हेलन मिरेन यांच्याविषयीचे मत त्यांनी आधीच बनवले होते. अभिनयाऐवजी ते त्यांच्या शरीराबद्दल विचारत राहिले आणि मिरेन यांनी त्यांना तिथल्या तिथे अडवले. मुलाखतकार होऊ पाहणाऱ्या तरुणांनी या दोन्ही मुलाखती लागोपाठ पाहाव्यात.