यंत्राचा ठेका आणि भजनाची लय

ज्या देगलूरचे नाव धुंडामहाराज देगलूरकरांच्या कीर्तनपरंपरेमुळे महाराष्ट्रभर आदराने घेतले जाते, आणि जेथे मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड व उर्दू यांचे सूर सहज कानी पडतात, तेथील भजनी मंडळास ध्वनिमुद्रणासाठी नांदेडची अथवा हैदराबादची वाट धरण्याची आता जरुरी उरलेली नाही. घरचा संगणक त्या कामी पुरेसा आहे. प्रश्न उरतो तो कोणते सॉफ्टवेअर पत्करावे, हा. आणि त्याविषयी गायक-वादकांत मतभेद असणे स्वाभाविकच होय.

२००० साली प्रसिद्ध झालेले ‘ऑडॅसिटी’ विनामूल्य आहे. ‘रीपर’ ६० दिवस पारखून पाहण्याची मुभा देते. ‘गॅरेजबँड’ मात्र केवळ ॲपलच्या यंत्रांवर चालते. परंतु माझ्या मते किमतीहून मोठा विचार लयीचा आहे. ही साधने काळाचे समान चौकोन आखून देतात, आणि आपले भजन तर विलंबितात आरंभ करून द्रुताकडे चढत जाते. शिवाय स्वर ‘सुधारणारी’ सोय सप्तकाच्या बारा समान भागांचा हुकूम चालवते, तिच्या दरबारी अतिकोमल स्वरांची दाद लागत नाही. १९०२ साली गायिका गौहरजानने कलकत्त्यास जेमतेम तीन मिनिटांच्या तबकडीत गाणे बसवले, ते नाइलाजाने. आज तशी सक्ती कोणावरही नाही.

म्हणून विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावे, वाचलेली रक्कम चांगल्या मायक्रोफोनवर खर्चावी, खोलीतील घुमारा शमविण्यास भिंतींवर गोधड्या टांगाव्यात, यंत्राचा ठेका बंद ठेवावा, आणि मूळ मुद्रण कोणतीही खाडाखोड न करता दफ्तरी दाखल करावे, एवढीच मंडळांना विनंती.