चाकरमान्यांची गाडी

खेड, दापोली, मंडणगड हे रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तरेकडील तालुके पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस माणसें पुरवीत आले आहेत. १९९० सालीं कोंकण रेल्वेचें महामंडळ निघालें, तेव्हां त्याच्या भांडवलांत महाराष्ट्राचा वाटा शेंकडा २२ होता. त्याच्या मोबदल्यांत चाकरमान्याच्या पदरांत काय पडलें? रत्नागिरीहून दादरास जाणारी पॅसेंजर २०२० च्या टाळेबंदीनंतर दिव्यासच थांबूं लागली! मुलाकडे निघालेल्या दापोलीच्या म्हाताऱ्या आईनें एस. टी. नें खेड गांठावें, तेथून दाटीवाटीनें दिव्यापर्यंत यावें, आणि मग तांदुळाचें गांठोडें सांभाळीत पूल चढून लोकलच्या गर्दींत शिरावें, ही कसली सोय? सबब सांगतात वेळापत्रकाची. गाडी वेळेवर पोंचली, माणूस मात्र वाटेंतच राहिला, हा हिशेब आम्हांस तरी उमगत नाहीं. गणपतींत जादा गाड्या सुटतात ना, असें कोणी विचारील. पण दुखणें, परीक्षा आणि मयत हीं भाद्रपदाची वाट पाहात नाहींत. आमच्यांतील शिकलेले लोक मोटारीनें जातात, म्हणून या गाडीविषयीं गप्प बसतात. अर्ज लिहावयाचा तर तो त्यांनींच. आणि त्यांत आम्हीहि आलोंच.