विश्लेषण : सरकारी बँकेने बडतर्फ केले, तर राज्यघटनेचा आधार मिळतो का?

‘सरकारी नोकरी आहे, असे कसे काढतील?’ राष्ट्रीयीकृत बँकेतील कर्मचाऱ्याच्या हातात बडतर्फीचा आदेश पडला की घरातून पहिला प्रश्न हाच येतो. पण घटनेच्या भाषेत बँकेतील नोकरी ही ‘सरकारी नोकरी’ नाही. तरीही हायकोर्टाचे दार उघडे असते. हे कसे?

अनुच्छेद ३११ लागू होतो का?

नाही. हा अनुच्छेद केंद्र किंवा राज्याच्या नागरी सेवेत, नागरी पदावर असणाऱ्यांसाठी आहे. काही अपवाद वगळता, चौकशीशिवाय त्यांना बडतर्फ करता येत नाही. बँक मात्र स्वतंत्र कायद्याने उभी राहिलेली संस्था आहे. तिचे कर्मचारी नागरी पदावर नसतात. त्यामुळे त्यांचा वाद ‘कॅट’कडेही जात नाही.

मग आधार कोणता?

अनुच्छेद १२. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यातलीच. १९८० मध्ये आणखी ६ बँकांची भर पडली. सरकारी मालकीच्या या बँका घटनेच्या दृष्टीने ‘राज्य’ ठरतात. ‘राज्य’ म्हटले की अनुच्छेद १४ आला, म्हणजे मनमानी चालत नाही. आणि अनुच्छेद २२६ नुसार हायकोर्टात रिट याचिका करता येते. एलआयसी, ओएनजीसी यांसारख्या महामंडळांची सेवा नियमावली त्यांच्यावर कायद्यासारखीच बंधनकारक असते, हे सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्येच सुखदेव सिंग खटल्यात स्पष्ट केले.

कोर्ट काय तपासते?

हायकोर्ट पुराव्यांची नव्याने छाननी करत नाही. चौकशी नियमाने झाली का, बाजू मांडण्याची संधी मिळाली का, हे पाहते. चौकशी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला द्यावी लागते, हे घटनापीठाने १९९३ मध्ये सांगितले. चौकशी अधिकाऱ्याने निर्दोष ठरवले आणि वरिष्ठांना ते पटले नाही, तर त्यांनी आधी कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असा निकाल १९९८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात आला. २००८ मध्ये याच बँकेतील एका शिपायाची बडतर्फी टिकली नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब होता, पण कागदपत्रे सिद्ध करणारा साक्षीदारच चौकशीत तपासला नव्हता. शिक्षा धक्कादायक वाटावी इतकी कठोर असेल, तरीही कोर्ट हस्तक्षेप करू शकते.

क्लार्क आणि अधिकारी यांचा मार्ग एकच का?

नाही. क्लार्क, शिपाई हे ‘कामगार’ या व्याख्येत येतात. त्यांना केंद्र सरकारच्या औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते. तिथे शिक्षा कमी करण्याचाही अधिकार आहे. म्हणून हायकोर्ट अनेकदा त्यांना आधी तिकडे जायला सांगते. अधिकाऱ्यांना हा पर्याय नसल्याने बँकेतील अपिलानंतर हायकोर्ट हाच मुख्य मार्ग उरतो. मात्र उशीर केल्यास याचिका त्या कारणावरूनही फेटाळली जाऊ शकते.

खासगी बँकेत काय?

फेडरल बँकेच्या बडतर्फ शाखा व्यवस्थापकाची रिट याचिका ऐकता येणार नाही, असे सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये ठरवले. रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असले म्हणून बँक ‘राज्य’ होत नाही.

खासगीकरण झाले तर?

खरी काळजी इथे आहे. एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांनी याचिका केल्या तेव्हा कंपनी सरकारी होती. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाने या याचिका आता चालणार नाहीत, असे सांगितले. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम केले. २०२१ च्या अर्थसंकल्पात आयडीबीआयशिवाय आणखी दोन सरकारी बँकांच्या खासगीकरणाची घोषणा झाली होती. अशी विक्री झाली, तर प्रलंबित याचिकाही संपू शकतात. म्हणजे बँकेचा मालक बदलला की कर्मचाऱ्याचे घटनात्मक संरक्षणही जाऊ शकते, मग तक्रार कितीही जुनी असो.