"जुनं उकरून काढू नका" म्हणणाऱ्या मित्रांना

२९ सप्टेंबरला आपल्या एका ग्रुपवर खैरलांजीबद्दल चार ओळी टाकल्या. दहा मिनिटांत तीन उत्तरं आली. पहिलं, "कुठे भंडारा, कुठे कशेळे, आपला काय संबंध?" दुसरं, "तो जमिनीचा वाद होता, जातीचा नव्हता, कोर्टानेच सांगितलंय." तिसरं, "जुनं उकरून काढू नका, गावात शांतता आहे ती राहू द्या." तिघेही ओळखीचे, नाक्यावर रोज चहाला भेटणारे. माणसं वाईट नाहीत, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. ग्रुपवर लिहिलं असतं तर बिचाऱ्या ॲडमिनची पंचाईत झाली असती.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो. दादा, दर वर्षी २ जानेवारीला तू पहाटे मशाल घेऊन सिद्धगडला जातोस. मीही येतो. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना १९४३ साली तिथे गोळ्या घातल्या. गोळ्या घालणारा पोलीस अधिकारी हॉल होता, हे आपल्या पोरांनाही तोंडपाठ आहे. खबर कुणी दिली यावर अजून रात्र रात्र चर्चा होते. ऐंशी वर्षं उलटून गेली, तेव्हा कुणी म्हणत नाही की जुनं उकरू नका, त्या घराण्याला काय वाटेल. आठवण ठेवली पाहिजे, असंच म्हणतो आपण, आणि बरोबरच म्हणतो. मग वीस वर्षांपूर्वीच्या चार मुडद्यांची आठवण काढली की एकदम शांतता धोक्यात कशी येते? मारणारा साहेब असला की इतिहास, आणि मारणारा गावकरी असला की उकरणं? हा हिशोब मला समजावून सांगा.

आता खैरलांजीत झालं काय ते. ग्रुपवरच्या निम्म्या पोरांना नाव माहीत आहे, हकीगत माहीत नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं छोटं गाव. त्यात बौद्धांची घरं तीन. त्यातलं एक भोतमांगे कुटुंबाचं. भैयालाल, सुरेखा, मुलगे रोशन आणि सुधीर, मुलगी प्रियांका. थोडी जमीन होती, मुलं शिकत होती. सुरेखाबाई कुणापुढे मान खाली घालून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. शेतातून रस्ता काढण्यावरून वाद झाला, तर त्या गप्प बसल्या नाहीत. गावात पक्कं घर बांधू दिलं नाही, म्हणून झोपडीवजा घरात राहत होत्या. सप्टेंबर २००६ च्या सुरुवातीला त्यांच्या नात्यातल्या, शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला जबर मारहाण झाली. मारणारे कोण ते सुरेखा आणि प्रियांका यांनी पोलिसांना सांगितलं. साक्ष दिली, एवढाच गुन्हा. २९ सप्टेंबरला आरोपींना जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या घरावर आला. आईला, मुलीला आणि दोन्ही मुलांना मारून प्रेतं कालव्याला टाकली. भैयालाल लपून राहिले म्हणून वाचले.

सगळा गाव होता हो तिथे. म्हणजे पाहणारा नाही तर ऐकणारा तरी. दुसऱ्या दिवशी विचारलं तर कुणीच काही पाहिलेलं नाही.

आता खून लपवायचा म्हणजे काय, ते इथे नीट बघा. प्रेत लपवावं लागत नाही. प्रेतं तर कालव्यात सापडलीच. कारण बदललं की काम झालं. पहिलं कारण आलं अनैतिक संबंधाचं. बाईचं चारित्र्य चांगलं नव्हतं, गावाला राग आला, वगैरे. मेलेली बाई उत्तर द्यायला येत नाही, त्यामुळे हे कारण नेहमीच स्वस्त पडतं. सुरुवातीच्या बातम्याही त्याच वळणाने गेल्या. शवविच्छेदन इतकं निष्काळजीपणे झालं की पुरलेली प्रेतं परत काढावी लागली. पुढे पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले, पण तोवर पुरावा जायचा तो गेला होता.

तारखा बघा. खून २९ सप्टेंबरला. २ ऑक्टोबरला दसरा, धम्मदीक्षेचं पन्नासावं वर्ष, शेजारच्या नागपुरात दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय. त्या गर्दीतल्या बहुतेकांना जवळच काय घडलंय याचा पत्ता नव्हता. ही गोष्ट बाहेर काढली ती कार्यकर्त्यांनी. गावात जाऊन, भैयालालना भेटून, तथ्यशोधनाचे अहवाल लिहून, फोटो हातोहात फिरवून. मोठ्या वर्तमानपत्रांना आणि चॅनेलांना जाग आली ती नोव्हेंबरात, भंडारा, नागपूर, अमरावतीत लोक रस्त्यावर उतरल्यावर. आणि मग तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी काय शोधून काढलं? तर या आंदोलनामागे नक्षलवादी असू शकतात! खून करणाऱ्यांपेक्षा खुनाबद्दल ओरडणारे जास्त धोकादायक. हे वाक्य ग्रुपवरच्या तिसऱ्या उत्तराशी ताडून बघा, फार फरक सापडणार नाही.

आता दुसरं उत्तर, "कोर्टानेच सांगितलंय". हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं फार लांब चालतं. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. जुलै २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी २५ वर्षांची कैद केली. खून झाला, या लोकांनी केला, हे दोन्ही ठिकाणी सिद्ध झालं. पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागला नाही. का? कारण साक्ष दिल्याचा सूड म्हणून मारलं, जातीमुळे नाही, असं ठरलं.

भाऊ, जरा विचार कर. त्या गावात साक्ष देणारं घर तीन बौद्ध घरांपैकी एक नसतं, चारचौघांसारखं भावकीचं पाठबळ असलेलं घर असतं, तर जामिनावर सुटलेले लोक त्याच संध्याकाळी जमाव घेऊन आले असते का? बांधावरून भांडणं आपल्याकडे कमी होतात का? कशेळ्यापासून खांडसपर्यंत एक गाव दाखव जिथे बांधाची केस नाही. फार्महाऊसवाले आल्यापासून तर तलाठ्याकडे रांग आहे. कुऱ्हाडी निघतात, डोकी फुटतात, तहसीलला खेटे घालतो आपण. पण अख्खं घर आया-बहिणींसकट संपवून गाव शांत झोपत नाही. हे होतं तेव्हा समोरचा आपल्या बरोबरीचा माणूस नाही असं आधीच ठरलेलं असतं. जमीन हे निमित्त असेल, सूड हेही निमित्त असेल. हिंमत कुठून आली, ते विचारायला हवं. आणि ती हिंमत जातीतून येते.

सरकारलाही हे कळलं, उशिरा का होईना. जुन्या कायद्यात जबर गुन्ह्यासाठी अट होती की तो पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे "या कारणावरून" झाला पाहिजे. आता कारण आरोपीच्या मनात, ते सिद्ध कोण करणार? २०१५ च्या दुरुस्तीने ते बदललं. पीडित त्या समाजाचा आहे हे माहीत असताना गुन्हा केला, एवढं पुरतं. दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ ला गेले. त्यांच्या चार माणसांच्या खुनाला या बदलाचा काही उपयोग नव्हता.

आणि मधल्या काळात, २०१० साली, त्याच खैरलांजीला शासनाचा तंटामुक्त गावाचा पुरस्कार मिळाला. मला ही बातमी तेव्हा थट्टा वाटली होती. नंतर वाटलं, बरोबर आहे. तंटा करणारं घरच उरलं नाही.

पुरावा कसा विरघळतो याचं दुसरं उदाहरण खर्ड्याचं. नगर जिल्हा, जामखेड तालुका. (शेजारी कर्जत आहे, पण ते नगरचं, आपलं नव्हे.) एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या दलित मुलाला, नितीन आगेला, मारून टाकलं. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून, असा आरोप. साक्षीदारांनी एकामागून एक जबाब फिरवले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. पोरगा मेला हे खरं, मारलं कुणीच नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला दोन गोऱ्यांनी मारून नदीत फेकलं. कारण तेच, बाईची छेड. सगळ्या गोऱ्या ज्यूरींनी तासाभरात त्यांना सोडून दिलं. काही महिन्यांत त्याच दोघांनी मासिकाकडून पैसे घेऊन, होय, आम्हीच मारलं, असं सांगितलं. त्या मुलाच्या आईने शवपेटी उघडी ठेवली होती, लोकांनी बघावं म्हणून. पन्नास वर्षांनी तिथल्या लोकांनी नदीकाठी पाटी लावली, तर तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. परत लावली, परत गोळ्या. शेवटी २०१९ मध्ये बुलेटप्रूफ पाटी बसवली. पण ती पाटी लावणाऱ्यांत त्याच भागातले गोरेही होते, आणि २००७ मध्ये जाहीर माफीही मागितली गेली. खैरलांजीत माफी कुणी मागितली?

राहिलं पहिलं उत्तर, "आपला काय संबंध". महाड आपल्याच जिल्ह्यात आहे ना? २० मार्च १९२७, चवदार तळं, सगळ्यांना माहीत. पण पाणी पिऊन लोक परतत असताना मंदिरात शिरणार अशी आवई उठवून त्यांना गाठून झोडपलं, आणि नंतर पंचगव्य ओतून तळं "शुद्ध" केलं, हे किती जण पोरांना सांगतात? आपण घोटभर पाणी लक्षात ठेवलं आणि काठ्या विसरलो. काठ्या परग्रहावरून आल्या नव्हत्या. आपल्याच कुलाबा जिल्ह्यातल्या हातांत होत्या.

आपल्या भागात खैरलांजी झालं, असं मी म्हणत नाही. उगाच कुणावर बोट ठेवणार नाही. पण वाड्यांवरच्या ठाकर, कातकरी माणसाचा मृत्यू झाला की "दारू प्यायला असेल", "विहिरीत पडला असेल" हे आपल्या तोंडून किती पटकन निघतं, ते प्रत्येकाने स्वतःशी आठवावं. पंचनाम्याआधीच कारण तयार असतं. ते खरंही असेल. तपासलं कुणी?

तेव्हा भांडायचंच असेल तर या मुद्द्यावर भांडा. ॲट्रॉसिटी कायद्याच्या नियमांप्रमाणे जिल्ह्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आणि उपविभागाला प्रांताच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते. तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हायला हवी. आपला उपविभाग म्हणजे कर्जत आणि खालापूर. मी माहिती अधिकाराचा अर्ज तयार केलाय. गेल्या पाच वर्षांत या समितीच्या किती बैठका झाल्या, इतिवृत्तं कुठे आहेत, सदस्य कोण, दोन्ही तालुक्यांत किती गुन्हे नोंदले, किती प्रकरणांत साक्षीदार फिरले. सोमवारी कर्जतला जाऊन देणार आहे. एका अर्जावर एकच सही लागते, पण दहा जणांनी दहा अर्ज दिले तर त्याचं वजन वेगळं. ज्यांना यायचंय त्यांनी खाली नाव लिहा किंवा फोन करा. ग्रुपवरच्या त्या तिघांनाही आमंत्रण आहे, चहा माझ्याकडून.